वॉल्टर नोव्हाकच्या चेहऱ्यासाठी

मी, मनोहर दत्तात्रय सबनीस, वय सदुसष्ट, निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर, राहणार डब्लिन, ओहायो, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रक्तदाब वाढलेला आहे असंही त्यात म्हटलं आहे. तो कोणामुळे वाढतो ते पुढे येईलच. आमच्या वकील उत्तराबाईंनी याची इंग्रजी प्रत केली आहे. देण्याघेण्याच्या बाबतीत दोन्ही प्रती एकच आहेत. इंग्रजीतून त्यांनी माझा संताप तेवढा गाळला, तो इथे शाबूत आहे.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान व माझी बचत पत्नी सौ. सुवर्णा हिला मिळावी. घर ठेवायचं की विकायचं हे तिने ठरवावं. मराठी मंडळातले जे लोक "वहिनी, आता सीनियर कम्युनिटी बघा" असा सल्ला चहाबरोबर फुकट देतात, त्यांना तिने दुसरा चहा देऊ नये.

कलम २. सुवर्णाच्या पश्चात सर्व काही मुलगी इला, राहणार फ्रीमाँट, हिचं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझा पान्यांचा संच मात्र तिला लगेच द्यावा. लहानपणी मी गाडीखालून नुसता हात बाहेर काढला, की नेमका पाना त्यावर ठेवणारी तीच होती. जावई गाडीचं बॉनेट उघडायलाही माणूस बोलावतात. त्यांनी पान्यांना हात लावू नये.

कलम ३. स्नो-ब्लोअर समोरच्या ऋषीला द्यावा. दर हिवाळ्यात दारातला बर्फ उडवायला तो नेतो आणि टाकी रिकामी करून परत आणतो. आता पेट्रोलही त्यानेच भरावं.

कलम ४. आता घाणीत हात घालतो.

मी एकोणीस वर्षांचा असताना इथल्या एका कॉलेजात शिकायला आलो. तिथे मुलांची फ्रॅटर्निटी होती. एका घरात राहायचं, एकमेकांना ब्रदर म्हणायचं, आणि नवीन ब्रदर घ्यायचा की नाही यावर मत द्यायचं. मत म्हणजे गोटी. एक लाकडी पेटी फिरायची, त्यात प्रत्येकाने पांढरी किंवा काळी गोटी टाकायची. एक जरी काळी निघाली तरी मुलगा बाद.

माझ्या वेळी एक काळी निघाली.

वॉल्टर नोव्हाक हा माझा लॅबमधला जोडीदार. बापाचा कोळशाच्या खाणीत जीव गेलेला, अंगावर एकच कोट. तो त्या सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "मनोहर आत येत नाही तोवर जो येईल त्याला माझी काळी." आणि खरंच, त्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलाला त्याने काळी टाकली. खोल्या रिकाम्या राहिल्या, भाडं बुडायला लागलं, तेव्हा झक मारत त्यांनी मला घेतलं. माझ्यावर पडलेली ती काळी गोटी वॉल्टरने पेटीतून लांबवली होती. पदवीच्या दिवशी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "कीप इट. दे ओन्ली हॅड वन." म्हणजे माझ्याविरुद्ध सगळ्या घरात ती एकच होती.

ती टाकली होती स्किप हार्लनने. हे मला स्किपनेच सांगितलं, बिअर चढल्यावर, पाठीवर थाप मारत: "नथिंग पर्सनल, मॅनी." माझं नाव त्याला आजवर उच्चारता आलेलं नाही.

हाच स्किप आता फ्रॅटर्निटीच्या ऐतिहासिक संग्रहाचा अध्यक्ष आहे. दर वसंतात त्याचा फोन येतो. "मॅनी, माय ब्रदर! अवर हिस्ट्री नीड्स यू." मी मूर्खासारखा वर्षानुवर्षं चेक पाठवत राहिलो. इतिहास जपायचा म्हणजे चांगलंच काम, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी तो इतिहास पाहायला गेलो. तिथे दरवर्षी सगळ्या ब्रदर्सचे लंबगोल फोटो एका मोठ्या फ्रेममध्ये लावायची रीत आहे. खिडकीसमोर टांगून टांगून त्या फ्रेमांमधले चेहरे उन्हाने फिके पडले आहेत. संग्रहाने त्या दुरुस्त करायला घेतल्या, पण चेहरे दुरुस्त केले ते फक्त देणगीदारांचे. एका फ्रेममध्ये दहाबारा गुळगुळीत, गुलाबी चेहरे, आणि मधेमधे भुतासारखे पांढरे डाग. ज्याने पैसे दिले त्याला नाक-डोळे, ज्याने दिले नाहीत तो पुसला गेला.

माझा चेहरा होता. म्हणजे माझ्या नावावर शैलेंद्र करमरकरचा होता. तो माझ्यानंतर सात वर्षांनी तिथे आला, आता एडिसनला असतो. इंडियन तो इंडियन, असं समजून त्यांनी त्याचा फोटो लावला. स्किप शेजारी उभा राहून म्हणाला, "यू हॅवन्ट चेंज्ड अ बिट!" शैलेंद्रला फोन केला तर तो हसून हसून बेजार. "सबनीस, यार, मी एक डॉलर डोनेट केला नाही आणि फुल रिस्टोअर झालो!"

मी हसलो नाही, कारण भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की या घराने पहिल्या भारतीय ब्रदरचं एकमुखाने स्वागत केलं. आणि त्याच्याखाली वॉल्टरच्या जागी पांढरा डाग होता. डोळ्यांच्या जागी दोन फिकट ठिपके उरले आहेत. थोडी वर्षं गेली की तेही जातील.

वॉल्टरने लग्न केलं नाही. भाऊ-बहीण नव्हते. तो गेल्याचं मला कळेपर्यंत घरमालकाने त्याच्या खोलीतलं सामान कचऱ्यात टाकलं होतं. माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही. तेव्हा कॅमेरा परवडत नव्हता, आणि परवडायला लागला तेव्हा आम्ही नुसतेच फोनवर बोलत राहिलो. जगात वॉल्टरचा चेहरा उरला आहे तो त्या डागात.

मी तिथल्या तिथे चेक काढला. स्किप म्हणाला, "सॉरी, मॅनी. हयात देणगीदाराला स्वतःचाच चेहरा. दुसऱ्याचा हवा असेल तर लेगसी गिफ्ट, विलमधून." त्याचंही छापील दरपत्रक आहे! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, पण यांनी आधी भाव लावून पावती तयार ठेवली आहे. थू.

इला म्हणाली, "बाबा, दे आर डिस्गस्टिंग. तू त्यांना पैसे का देतोयस? जस्ट कॅन्सल कर ना." बरोबर आहे तिचं. पण चेहरा त्यांच्याकडे आहे.

म्हणून दरपत्रकात एका चेहऱ्याला जेवढी रक्कम लावली आहे तेवढीच त्या संग्रहाला द्यावी, या अटींवर: वॉल्टरचा चेहरा पूर्ण दुरुस्त व्हावा. इलाने तो स्वतः जाऊन पाहावा आणि वॉल्टरच्या डाव्या भुवईत जी खाच होती ती त्यात असल्याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण हे लोक चेहरे कसे ओळखतात ते वर आलंच आहे. "एकमुखाने" ही थाप भिंतीवरून खरवडून काढावी आणि वॉल्टरखाली लिहावं: "याने हट्ट धरला म्हणून दार उघडलं." अटी मोडल्यास रक्कम वॉल्टरच्या गावच्या अग्निशमन दलाला जावी; तिथला बंब तो शेवटपर्यंत चालवत होता. माझ्या नावावर शैलेंद्रच राहू द्यावा. तो माझ्यापेक्षा बरा दिसतो.

कलम ५. स्किपने काचेच्या कपाटासाठी जुन्या वस्तू मागितल्या आहेत. गोटी त्याला मिळणार नाही. लग्न होऊन आलेल्या सुवर्णाला ती माझ्या बॅगेत सापडली, तेव्हा शाळिग्राम समजून तिने देवघरात ठेवली आणि पंचामृताने न्हाऊ घातली. मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे तिथेच. एक माणूस तुमच्यासाठी भांडला, त्याची खूण आहे." तिच्यानंतर इलाने ती सांभाळावी. पूजा नाही केली तरी चालेल, टाकू नये.

कलम ६. दुरुस्त फोटोची पहिली प्रत सुवर्णाकडे यावी. देवघराशेजारच्या भिंतीवर माझा फोटो लागेल, त्याच्या शेजारी वॉल्टरचा लावावा. तिने कालच माझ्याकडून दोन खिळे ठोकून घेतले आहेत.

सही: मनोहर दत्तात्रय सबनीस

आम्ही खाली सह्या करणार, या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळायचं नाही. मनोहररावांनी आमच्यासमोर सही केली. ते शुद्धीवर होते, फार चिडलेले होते, आणि वॉल्टरचं कलम आम्हाला वाचून दाखवताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. भिंतीवर दोन खिळे आहेत, ते आम्ही पाहिले.

साक्षीदार: १. देवयानी प्रधान २. प्रल्हाद वैशंपायन

स्थळ: डब्लिन, ओहायो
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५