पडद्यावरच्या कुस्तीची पंच

आप्पा, परवा आपल्या माणच्या जत्रेत मी आखाड्यात उतरले. चप्पल काढून, माती कपाळाला लावून, अगदी तुम्ही उतरायचात तशी. आता तुम्ही म्हणाल, चांगली दोन लेकरांची आई झाली आणि हिला काय भिकेचे डोहाळे लागले. पण आधी ऐकून घ्या. मी चौथीत असताना तुम्हाला पाण्याचा तांब्या द्यायला आले, तर तुम्ही मला मातीच्या कडेलाच थांबवलं होतंत. "हितनंच दे. बाईमाणसानं आत पाय ठेवायचा न्हाई," म्हणालात. सगळा गाव बघत होता. मी तांब्या दिला, घरी आले आणि आईजवळ बसून तुमच्या नावानं बोटं मोडली. तो राग अजून गेलेला नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि एवढं करून कुस्ती बघायला मला शिकवलंत कुणी, तर तुम्हीच. तेही आखाड्यात नाही, सिनेमात. जत्रेत कापडी पडदा लागायचा आणि तुम्ही मला मांडीशी घेऊन बसायचात. तुम्ही गावोगावच्या कुस्त्यांचे पंच, त्यामुळे सिनेमातली मारामारी आली की तुमच्या अंगात पंच यायचा. नायक खलनायकाच्या छाताडावर बसलाय, दणादण ठोसे देतोय, सगळं गाव शिट्ट्या मारतंय आणि तुम्ही मोठ्यानं म्हणताय, "पाठ मातीला कुटं लागली? सोडवा कुस्ती बरोबरीत." मागची माणसं म्हणायची, पाटील, गप बसा की. तुम्ही कसले गप बसताय. मग मला हळूच सांगायचात, "तोंडाकडं बघू नगंस. तोंड लई खोटं बोलतंय. पायाकडं बघ." तेव्हापासून माझी नजर जी बिघडली ती बिघडलीच. नायिका रडत असते, शेजारची बाई पदरानं डोळे पुसत असते आणि मी नायकाचा डावा पाय जमिनीवर टेकलाय का ते बघत असते.

तर तुमच्या माघारी सिनेमाचं काय झालंय ते सांगते, कारण इथं माझं कुणी ऐकून घेत नाही. जुन्या सिनेमात मारामारी खोटी होती, हे कबूल. नायकाचं पोट पुढं आलेलं, पडायच्या जागी गवताचा भारा आधीच मांडून ठेवलेला. पण दोन माणसं एकमेकांना धरायची तरी. वजन दिसायचं. आताच्या सिनेमात एका बुक्कीत दहा जण उडतात आणि पहिला खाली पडायच्या आत अकरावा उडालेला असतो. आणि चित्र असं टणाटणा उड्या मारतं की पाय बघायचे कुठं? दिवाळीत ह्यांच्याबरोबर हिंजवडीला एक बघितला. मी मध्येच म्हटलं, "अहो, पाठ लागलीच नाही." हे म्हणाले, "तू आणि तुझे वडील, पुढच्या वेळी दोघं मिळून या." एक मात्र न्यायानं सांगायला हवं. पूर्वी नायिका खांबाला धरून किंचाळायची, आता ती स्वतः चार जणांना लोळवते. तेवढ्यापुरते मी नव्या सिनेमाला पैकीच्या पैकी मार्क देते.

आणि गेम. हे तुम्हाला समजावून सांगणं अवघड आहे, पण दादानं टीव्हीला कॅसेट लावून खेळायचा एक डबा आणला होता, तो आठवतो ना? तो जेवायला उठला की माझा नंबर. आता नेऱ्याला, सासरी, आमच्या खोल्यांमध्ये कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. त्यांतला एक बदली होऊन जाताना त्याचा गेमचा डबा मला देऊन गेला, आणि माझी दुपार सत्कारणी लागली. नव्या गेममध्ये डोंगर, नद्या, घोडे, सगळं इतकं सुंदर की मुळशीचं धरण फिकं पडावं. पण कामं काय, तर ह्या म्हाताऱ्याची शेळी शोधून आण, त्या बाईचा निरोप पोचव. हे सगळं मी घरी फुकट करतेच की. शिवाय दर दोन मिनिटांनी खेळ आपोआप राखून ठेवला जातो, त्यामुळे मरायची भीतीच राहिली नाही. जुन्या डब्यात मेलं की मुकाट पहिल्यापासून. मला तेच आवडायचं. मारामारीचे गेम मात्र आता जुन्यांच्या शंभर पट चांगले आहेत, आणि सिनेमापेक्षाही. तिथं पाय दिसतात, आप्पा. नीट, पूर्ण, जमिनीला टेकलेले. खोट आहे ती एकच. सलामी नाही, माती लावणं नाही, थेट मारायला सुरुवात.

यंदा दादाच्या पोरानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, टूम काढली की जत्रेत असल्या गेमची स्पर्धा ठेवायची. दुपारी आखाड्यात मोठा पडदा लावायचा, सतरंजीवर बसून पोरांनी खेळायचं, आणि चार वाजता खऱ्या कुस्त्या. पंच म्हणून मला बोलवायला आला. "आत्या, तू सगळ्यांना हरवतीस. आन आप्पांची लेक हायेस, कुणी तोंड वर करणार न्हाई." कमिटीचे अध्यक्ष आपले तात्याच, तुमचे धाकटे बंधू. ते म्हणाले, "बसू दे की. पण खुर्ची मातीच्या भाईर टाका." मला वाटलं, घ्या, परत तांब्याच. जावं की जाऊ नये असं दोन दिवस चाललं होतं. पण मग गेले. बाहेर तर बाहेर. तिथनंही पडदा दिसत होता.

शेवटची लढत लागली ती आपल्या गावचा एक पैलवान आणि आमच्या नेऱ्याच्या खोलीत राहणारा बिहारचा एक इंजिनियर, ह्यांच्यात. दोघंही तयारीचे. गावचा पोरगा पुढं पुढं करणारा, बिहारचा वाट बघणारा. शेवटी वेळ संपली. दोघांच्याही पडद्यावरच्या गड्यांची ताकद दाखवणारी पट्टी थोडी थोडी उरलेली, गावच्या पोराची जराशी जास्त. पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव झळकलं आणि हलगी सुरू झाली. भाचा मला खुणावतोय, आत्या, त्याचा हात वर करून जाहीर कर. आता हात वर करायचा तर आत जायला पाहिजे की नको? मी चप्पल काढली आणि गेले. माती कपाळाला लावली. हलगीवाला वाजवायचा थांबला. तात्या खुर्चीतनं अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

मी आधी एकाचा हात वर केला, मग दुसऱ्याचा. म्हटलं, बरोबरीत सोडवली. मग जो काय गलका झाला. भाचा पळत आला. "आत्या, टाइम संपला की ज्याची पट्टी जास्त तो जिंकतो. गेमचा रूल हाय तो." मी म्हटलं, "तुज्या गेमचा आसंल. ह्या मैदानाचा न्हाई. हितं पाठ लागाय लागती." गावचा पोरगा म्हणाला, "पर मी वर हुतो की." "वर हुतास. त्यो चित झाला का?" बिहारचा बिचारा मलाच समजावत होता, "दीदी, मैं हार गया हूँ, सच में." त्याला म्हटलं, तू मध्ये बोलू नकोस. खरं तर गेमच्या हिशेबानं मी साफ चुकले होते, हे मलाही ठाऊक होतं. पण पुढच्या रांगेतले जुने पैलवान हसायला लागले. एक जण तात्यांना म्हणाला, "आरं, बरोबर हाय तिचं. आपण काय येळ बगून कुस्ती मारली का कवा?" मग दोघं पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली आणि हलगी परत वाजली.

पण मला पंच म्हणून मानतात की नाही, ह्यात माझा जीव अजून टांगणीलाच होता. मानपान निघाले. खऱ्या कुस्तीच्या दोन पंचांना फेटे बांधले आणि मला माहेरवाशीण म्हणून खण-नारळ. मी खण घेतला, नारळ घेतला, आणि म्हटलं, "तात्या, हे लेकीचं झालं. पंचाचं काय?" सिनेमा असता तर तात्यांनी भरल्या डोळ्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून मला घातला असता. तसलं काही झालं नाही. ते डोकं खाजवत म्हणाले, "फेटे दोनच आणलेत गं." मग भाचा गाडी काढून गेला आणि एका लग्नाच्या मांडवातनं गुलाबी फेटा घेऊन आला, नवरदेवाच्या बाजूचा. बांधणाऱ्यानं इतका घट्ट बांधला की मला एका कानानं ऐकूच येईना. तात्या म्हणाले, "आता हितंच बस, कुस्त्या सुरू व्हत्यात." आणि माझी खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आत ठेवली.

सगळे म्हणत होते, आप्पा आज पाहिजे होते. घरी येईपर्यंत भेटेल तो हेच म्हणाला, आणि मी प्रत्येकाला मान डोलावून हो म्हटलं. म्हणूनच हे लिहायला बसले, आणि म्हणूनच हे तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय असती तरी मी पाठवलं नसतं. कारण खरं सांगायचं तर, आप्पा, खुर्ची आत आली तेव्हा तुमची आठवण मला आली नाही. तिथं बसून मी इतकी खूश होते की त्या घटकेला तुम्ही नसलात तरी चालत होतं.