अमावास्येच्या बागा

दादा, काल अमावास्या होती आणि काल पुन्हा माझं घरात बूड टिकलं नाही. सकाळीच पोळीभाजीचा डबा भरला, पाण्याची बाटली घेतली आणि सिटी बसनं बागेत जाऊन आले. एका बाकावर बसले, उठले, दुसऱ्यावर बसले, तिथूनही उठले. सून म्हणते, "आई, लोक बागेत निवांत बसायला जातात, तुम्ही काय बाकांची तपासणी करायला जाता?" तिला काय सांगू? ही भिंगरी माझ्या पायाला तुम्हीच लावलीत, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बापाकडे तक्रार करायचीही सोय उरली नाही. म्हणून लिहिते आहे. हे कुठल्याही पेटीत टाकायचं नाही, हे लिहितानाच ठाऊक आहे.

आपल्या तांबट आळीला रविवार ठाऊक नव्हता. आपली सुट्टी अमावास्येला. त्या दिवशी भट्टी पेटवायची नाही, हातोडीला हात लावायचा नाही. आळीतले पुरुष झोपा काढत, पत्ते कुटत, उंबऱ्यावर बसून एकमेकांची उणीदुणी काढत. पण गावाबाहेर कुणी पाऊल टाकत नसे, कारण अवसेला प्रवास करू नये. तुम्ही मात्र भाकरी, लसणाची चटणी फडक्यात बांधून, स्वतः घडवलेला तांब्या पाण्यानं भरून मला हाक मारायचात. आई दारात आडवी उभी. "बाकीचे दिवस काय मेले का हो? नेमकं अवसेलाच पोरीला घेऊन रानोमाळ हिंडायचं!" तुम्ही म्हणायचात, "रान नाय, बाग आहे ती," आणि ते अख्ख्या आळीला ऐकू जायचं.

मोठ्यानं बोलण्याचं आळीत कुणाला नवल नव्हतं. ठोकाठोकीत सगळेच ओरडून बोलत, नाहीतर हातानं खुणा करत. पण तुमचं ओरडणं निराळं होतं. तुमचे कान जात होते. हे तुम्हाला, मला आणि पंचवटीतल्या वैद्यबुवांना तेवढं ठाऊक होतं. तुम्ही आळीतले नावाजलेले मठारणारे. तयार घागरीवर हातोडीचे बारीक घाव शेजारी शेजारी घालत जायचं आणि प्रत्येक घावाचा आवाज ऐकत पुढं सरकायचं, हे तुमचं काम. पत्रा कुठं पातळ झाला, कुठं चीर धरू पाहते आहे, हे डोळ्याच्या आधी कानाला कळतं. कान गेले की मठारणाऱ्याची हातोडी जाते. मग कारखाना चालवणारे काका तुम्हाला भात्यावर बसवणार आणि आपल्या हाताखालच्या पोरांनी पेटवलेल्या भट्टीला वारा घालत तुम्ही जन्म काढणार. वैद्यबुवा म्हणाले होते, कानांना विसावा द्या, झाडाझुडपांत बसा, परत येतील. 'आले तर येतील,' असंही ते म्हणाले होते, पण ते तुम्ही घरी येताना वाटेतच सोडून दिलंत.

मलाच का नेलंत, हे मला तेव्हाही कळत होतं. पुतण्यांना नेलं असतं तर संध्याकाळच्या आत काकांच्या कानावर गेलं असतं. मी दहा-अकरा वर्षांची, दुपारी कारखान्यात भाकरी पोचवणारी, खुणांची भाषा पाठ असलेली. बागेत बसलं की तुम्ही भुवई उडवायचात, म्हणजे काय वाजतंय? मी बोटांची चोच करून दाखवायची, मनगट फिरवून रहाट दाखवायची, माळ्याची कात्री दाखवायची. तुम्हाला ते ऐकू आलं असलं तर मान हलवायचात. नसलं तर मान तशीच, आणि मी तीच खूण पुन्हा करायची. पुढच्या अवसेला बाग वेगळी. गुण येत नाही म्हणून माणसं वैद्य बदलतात, तशा तुम्ही बागा बदलल्यात. नदीकाठच्या बागेत धुणं धोपटण्याचा गलका फार, कचेरीजवळच्या बागेत माणसंच फार, देवळामागच्या बागेत घंटेमुळे पाखरं थांबत नाहीत. तांगा शक्यतो करायचा नाही, चालायचं. कुठं भाकरी संपायच्या आत उठायचं, "चल, हिथं काय राम नाय." त्या वयात मी नाशिकच्या जेवढ्या बागा पाहिल्या, तेवढ्या कलेक्टरच्या मुलीनंही पाहिल्या नसतील, आणि एकीतही धड बसले नाही.

देवळालीची ती दुपार मात्र मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. छावणीच्या बागेत कुणी गर्दी करत नाही असं तुम्ही ऐकलेलं. लांबचा पल्ला म्हणून सवारीच्या तांग्यात मागच्या बाजूला पाय सोडून आपण जातो. चैत्र संपत आलेला. ऊन असं की पान हलत नाही, पाखरं सावलीत मुकाट, माळी कुठं तरी आडवा झालेला. आपण बाकावर बसतो. तुम्ही भुवई उडवता. मी कान देते आणि नाही म्हणून मान हलवते. काही नाही. थोड्या वेळानं पुन्हा विचारता, पुन्हा तेच. "काहीच?" "काहीच नाही, दादा." तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत राहता आणि तुमचा चेहरा उतरत जातो. तुम्हाला वाटतं, पोर आपल्याला खोटं सांगते, वाईट वाटू नये म्हणून. तुम्हाला वाटतं, कान संपले.

मग तुम्ही उठता, वाफ्याच्या कडेचा धोंडा उचलता आणि बागेच्या लोखंडी कठड्यावर घालता. एक घाव, दुसरा, मग मठारण्याच्या लयीत घावामागून घाव. बाग दणाणते. झाडावरचे कावळे उडतात. डोक्याला फडकं बांधत माळी धावत येतो, पिकल्या दाढीचा मुसलमान माणूस. "ओ मिस्तरी! बाग है ये, कारखाना नाय! बंगल्यात साहेब लोक झोपलेत, माझी नोकरी घालवता काय?"

तुम्ही हसताय. डोळ्यांत पाणी आणि हसताय. "वाजतंय, भाई! वाजतंय!"

"वाजणारच की. लोखंड हाय ते."

माळ्यानं धोंडा काढून घेतला, तुमच्याकडे नीट बघितलं आणि मला म्हणाला, "बेटी, पानी पिला इनको." पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "मग मघाशी काय झालं होतं?" मी म्हटलं, "मघाशी काही नव्हतंच, दादा. शांत होतं." तुम्ही मान वळवून त्या बागेकडे बघितलंत. "असं असतं व्हय ते?" म्हणालात. आळीत जन्मलेला, आळीतच म्हातारा होत चाललेला माणूस, त्यानं कधी शांतता ऐकलीच नव्हती. तांग्याच्या अड्ड्यावर तुम्ही मला गोटीसोडा पाजलात. घरी येईपर्यंत मला वाटत होतं, वैद्यबुवा जिंकले.

नाही जिंकले. दीड-दोन वर्षांत एक घागर तुमच्या हाताखालून चीर घेऊन गेली आणि पेठेतून परत आली. काका रागावले नाहीत. त्यांनी तुमच्या हातातली हातोडी अलगद काढून घेतली, ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. तुम्ही भात्यावर बसलात. आईनं आठ दिवस कुणाशी बोलणं टाकलं. मला वाटलं, आता बागाही बंद. पण पुढच्या अवसेला तुम्ही फडकं बांधलंत, आणि आपण नदीकाठच्या त्या पहिल्या बागेत गेलो, जी तुम्ही गलक्यापायी सोडली होती. तिथं तुम्ही बाकाला पाठ टेकून बसलात. उठायचं नावच नाही. मी आपली खुणा करते आहे, बुलबुल, साळुंकी, धुण्याचं धोपटणं, पलीकडे रडणारं पोर. जे ऐकू येईल ते सगळं हातानं सांगते आहे, तुम्ही विचारायची वाटही न बघता. तुम्ही माझा हात धरून खाली ठेवलात.

"राहू दे गं आता. किती सांगशील? बस नुसती."

एवढंच. आवाज पहिल्यासारखा मोठाही नव्हता. तुम्ही रागावला नव्हता, उलट इतके स्वस्थ मी तुम्हाला कधी पाहिले नव्हते. जे जायची भीती होती ते गेलं होतं आणि तुम्ही मोकळे झाला होता. समोरच्या झाडाकडे बघत होता, पाण्याकडे बघत होता. मला मात्र रडू आलं. तुम्हाला वाटलं, तुमच्या कानांसाठी. डोक्यावरून हात फिरवलात.

दादा, ते कानांसाठी नव्हतं. तुम्हाला आता माझी गरज उरली नाही, म्हणून होतं. घरी मी सांगते, गुडघ्यांना चालणं हवं म्हणून बागा फिरते. गुडघ्यांना काही झालेलं नाही. या वयातही मला पान पडलेलं ऐकू येतं, आणि काय वाजतंय, हे शेजारी बसून कुणी विचारत नाही.