वाएलची बंदूक

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
११ मे २००८

चि. हिमानीस दिगंबरकाकाचे अ. आ.

तुझी रूममेट राना बैरूतला फोन करायला पाच डॉलरचं कार्ड घेते म्हणालीस. ती कार्डं मीच विकतो, म्हणून खरा हिशेब सांगतो. वर छापलेली असतात साठ मिनिटं. त्यातून जोडणीचे कापतात, समोर मोबाइल असला तर आणखी कापतात. हातात पडतात वीस, आणि घरचे रडायला लागले की बोलायला उरतात पाच. सोबत दोन कार्डं ठेवली आहेत, तिला दे. ही चांगल्यातली आहेत, काउंटरवर ठेवत नाही.

आता मुद्दा. तिचा धाकटा भाऊ वाएल बंदूक घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसतो. हे सुन्नी, समोरच्या गल्लीत शिया पोरं तशीच बसलेली. एक गोळी सुटली तर भाऊ जाईल म्हणून ती जेवत नाही. तिला सांग, काकाने हे पाहिलेलं आहे. गावच्या दंगलीत आमची कासारगल्ली आणि समोरची मोमीनगल्ली अशाच तलवारी घेऊन बसल्या होत्या. मी दोन्हीकडच्या पोरांना चौकात बोलावलं आणि वडीलधाऱ्यांसमोर हत्यारं खाली ठेवायला लावली. एका संध्याकाळीत गाव थंड. वाएललाही हेच करायला सांगा.

लोभ आहे तेवढा आहेच, फोन करत गेलीस तर वाढेल.
दिगंबरकाका

ॲन आर्बर
२२ मे २००८

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचा उपाय रानाने कळवला. दोन्ही गल्ल्यांतले म्हातारे बेकरीसमोर जमले. आधी तुम्ही ठेवा, आधी तुम्ही, असं तासभर चाललं. नुसती बघायला आलेली पोरंही मग घरी जाऊन बंदुका घेऊन आली. आता वाएल रात्री गच्चीवर असतो. काल पुढाऱ्यांनी परदेशात बसून समझोता केला, टीव्हीवर मिठ्या झाल्या. या दोन गल्ल्यांतल्या बंदुका आहेत तिथेच आहेत. राना सेमिस्टर सोडून घरी जायचं म्हणते आहे.

चौकात नक्की काय झालं होतं, ते नीट आठवून लिहा ना. काकूंना विचारून लिहिलंत तर उत्तम.

रागावू नका, आणि माया कमी करू नका.
हिमानी

शिकागो
२६ मे २००८

चि. हिमानीस अ. आ.

विचारलं. तुझी काकू मालिनी आमच्याच गल्लीतली, त्यामुळे मला काही लपवायची सोय नाही. तिचं म्हणणं, चौकात जमले ते सोटे, एक हॉकी स्टिक आणि गंजका कोयता. तलवारी घरातच राहिल्या. पुढे खंडेनवमी आली. आयांनी तलवारी पूजेला मागितल्या. पूजेला नाही कोण म्हणणार? हळदकुंकू लागलं, झेंडू चढले, आणि दसऱ्यानंतर त्या कुणाला सापडल्या नाहीत. मोमीनगल्लीत रोजे चालू होते. तिथल्या आयांनी इफ्तारच्या घरात पातं नको, असं काढलं. घाबरलास, असं कुठल्याच पोराला कुणी म्हणू शकलं नाही.

मालिनी म्हणते, पोराला पंच नकोत, निमित्त हवं. ते रानाच्या आईने शोधावं. मी फक्त लिहून घेतो आहे. गिऱ्हाईक उभं आहे, थांबतो.

दोघांचाही लोभ, सध्या तिचा जास्त धर.
दिगंबरकाका

ॲन आर्बर
१७ जून २००८

ती. काकांना सा. न. वि. वि.

रानाची आजी एप्रिलअखेर गेली होती. आईने वाएलला सांगितलं की चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला समोरच्या गल्लीतल्या बायका येणार आहेत, आजीच्या मैत्रिणी त्या, बंदुकीच्या घरात पाय ठेवणार नाहीत. त्याने थोडी कुरकुर केली आणि दिली. ती कपाटात आहे, किल्ली आईकडे. बायका आल्या, जेवल्या, आणि त्यांतल्या तिघींनी घरी जाऊन आपापल्या पोरांना असंच काहीबाही सांगितलं. सगळ्या बंदुका गेलेल्या नाहीत. पण वाएल खाली घरात झोपतो, आणि राना इथेच राहते आहे. काल तिने दोनदा वरण-भात घेतला.

काकूंना नमस्कार. कार्डं संपली, चांगल्यातली पाठवा, म्हणजे लोभ आपोआप पोहोचेल.
हिमानी

ता. क. तुमच्या गल्लीत पहिली तलवार कुणी दिली, हे रानाच्या आईला हवं होतं. काकूंना फोन करून विचारलं. ती तुमची होती, आणि तुम्ही आंघोळीला गेल्यावर आपल्या आजीने उचलली होती.