समोरची कड

अमरावती
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादा, शकुनचा नमस्कार. वहिनींनाही सांगा.

पार्सल काल मिळालं. पाच रुपयांची तीन पिवळी नाणी, भिंग आणि वहिनींनी घातलेले पावशेर तीळ, सगळं नीट आलं. पंधरा रुपयांची नाणी पाठवायला तुम्ही टपालाचे बासष्ट रुपये घातले. वहीत मांडताना मलाच हसू आलं.

इकडे ठीक. तुळशीचं लग्न घरच्या घरी लावलं. यांचा गुडघा तसाच आहे. सागरने भरतीचा क्लास सोडला, आता लेथवर लोखंड कातायच्या दुकानात कामाला जातो. एक मुलगा, रोज घरी येतो, तेवढं पुरे असं मी देवाला म्हणत होते.

आता नाण्यांचं. मोतीबिंदूमुळे तुम्ही परीक्षा माझ्यावर टाकली, आणि रविवारी अकोल्यात तुमच्या नाण्यांच्या दुकानी गिऱ्हाईक येणार, म्हणून प्रत्येक नाणं दोनदा पाहिलं. तिन्हींच्या कडेचा लचका गेलेला आहे. वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर सरकली की पुरी एका बाजूने खाल्लेली निघते, तसंच टांकसाळीत पत्र्यातून चकती पाडताना कधी होतं, हे तुम्हीच मला शिकवलं. अशी खरी चूक असली की हौशी गिऱ्हाईक पाच रुपयांच्या नाण्याला हजारो मोजतं. अशा अपुऱ्या चकतीला यंत्रात नीट दाब मिळत नाही, म्हणून लचक्याच्या बरोबर समोरची कड पुसट येते. मागाहून कोणी कानशीने कापलं तर समोरची कड ठणठणीत राहते.

पहिल्या दोन नाण्यांची ठणठणीत आहे. ती टांकसाळीची चूक नाही, माणसाने कापलेली आहेत.

संत्री उतरली आहेत. वहिनींना हवी असतील तर येणाऱ्याबरोबर पाठवते.

तिसऱ्याबद्दल लिहायला घेतलं आणि वरण उतू गेलं. बरंच वाटलं, उठायला निमित्त मिळालं. दादा, त्याची समोरची कड पुसट आहे. तुम्ही हाताने चाचपून खरं म्हणाला असता. पण भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात, सगळे एकाच दिशेने, नुकत्या धार लावलेल्या विळ्यावर असतात तसे. ती कड कोणीतरी घासून पुसट केली आहे. म्हणजे कापणाऱ्याला ही खूण माहीत होती.

ही खूण तुम्ही दुकानात कोणाला सांगत नाही. मला सांगितली. मी दिवाळीत पुऱ्या पाडता पाडता सागरला सांगितली, गंमत म्हणून.

तुम्ही लिहिलं की नाणी दर्यापूरच्या कुंदनने आणली, आजोबांच्या डब्यात सापडली म्हणाला. कुंदन कोण ते मला ठाऊक नाही, असं मी लिहिणार होते. तो सागरच्या क्लासमधला जोडीदार आहे. माझ्या हातचं जेवून गेला आहे.

पार्सल आल्याचं मी घरात बोलले नव्हते. आज सकाळी चहा घेताना सागरच म्हणाला,

"मामाचं पार्सल पाह्यलं काय वं आई?"

"कोनं सांगतलं तुले?"

"असंच. त्यातलं एक पुसट कडेचं हाय ना, ते कसं वाटलं?"

मी म्हटलं, "पाहून राहिली अजून. डोळे दुखते माहे."

"पास करून दे ना. मामा तुह्याच शब्दावर इकते."

"आन् खोटं निंगालं तं?"

"कोनाले समजते? तुले अन् मामाले. मामाले तं आता दिसत नाही," म्हणाला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून कामावर गेला.

तेव्हापासून फाटक वाजलं की पोलीस आले वाटतं. नाणं कापणं हाच गुन्हा, हे तुमच्याच तोंडून ऐकलेलं आहे. यांना सांगितलं नाही, ते त्याला घराबाहेर काढतील. नाणी देवघरात ठेवायची हिंमत झाली नाही, डाळीच्या डब्यात आहेत. देवापुढे दिवा लावला, पण काय मागावं ते सुचलं नाही.

तुमचं पत्र पुन्हा वाचलं. "या खेपेला" असं लिहिलं आहे. म्हणजे आधीही एक खेप झाली काय? ती माझ्याकडे आली नाही. विकली असेल तर कोणाला विकली? मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. त्याचे पैसे परत करायला माझ्या पाटल्या आहेत.

आजवर तुम्हाला खोटं खरं म्हणून सांगितलं नाही, आताही सांगत नाही. तिन्ही खोटी आहेत. रविवारच्या गिऱ्हाइकाला रिकामं पाठवा.

फोन करू नका, तो सागर उचलतो. टपाल दुपारी येतं, तेव्हा मी एकटी असते. तुम्ही पोलिसांत जायचं ठरवलं तर मी अडवणार नाही, नाव तुमच्या दुकानाचं जाणार आहे. पण मामा म्हणून त्याला आधी समोर बसवणार असाल तर मी स्वतः त्याला अकोल्याच्या गाडीत बसवून देते. दोन्हींपैकी काय, ते उलट टपाली कळवा.

तुमची धाकटी बहीण, आणि सागरची आई,
शकुन