पुढचा ब्रेक

प्रिय दादा,

शाळेत सोडायला तू मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचास, ते परवा उगीचच आठवलं. उतारावर तू ब्रेक लावायचा नाहीस. दोन्ही बूट रस्त्यावर घासत थांबायचास. फाटकाशी उभ्या असलेल्या सिस्टर माझे चकचकीत बूट पाहून मान डोलवायच्या आणि तुझ्या झिजलेल्या टाचा पाहून कपाळाला आठ्या घालायच्या. मला मात्र वाटायचं, माझ्या दादासारखं कुणाला थांबता येत नाही.

पुढे तू गॅरेज काढलंस आणि घरातली प्रत्येक गाडी तुझ्या हाताखालून जाऊ लागली. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो, हे तुझं ठाम मत. म्हणून नवी गाडी घरी आली की पहिल्याच दिवशी तू तिच्या पुढच्या ब्रेकची तार सैल करून द्यायचास. लिव्हर मुठीत येईपर्यंत दाबली तरी चाकाला पत्ता नसायचा. मुलं पायाच्या ब्रेकवरच शिकली. हे सगळं मायेपोटी होतं, ते मला ठाऊक आहे. हेल्मेट मात्र पोलीस दिसेल त्या चौकापुरतं, एरवी कोपरात अडकवलेलं.

माझा मुलगाही तसाच शिकला. त्या वळणावर खडी सांडलेली होती आणि टेम्पो आडवा आला. त्याने पाय दाबला, मागचं चाक जाम झालं, गाडी आडवी घसरत गेली. पुढचा ब्रेक त्याने धरलासुद्धा नाही. आपल्या घरात कुणी धरतच नाही. हेल्मेट कोपरात होतं. कोपराला खरचटलंही नाही. तो गेला, आणि तू म्हणालास, नशीब. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

आता त्याच्या पोरीला, माझ्या नातीला, इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली आहे. ड्यूटीच्या वेळा अडनिड्या, गाडी हवीच. दुकानदार रंग दाखवत होता. मी म्हटलं, रंग तिला दाखवा, मला एबीएस दाखवा. त्याने मागच्या मैदानात माती पसरून वर पाणी ओतलं. नात पुढे, मी मागे, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. मी ओरडले, दाब, दोन्ही ब्रेक दाब, जोरात. चाक जाम झालं नाही, एबीएसने होऊच दिलं नाही. लिव्हर तिच्या बोटांखाली थरथरत राहिली आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली. माझे डोळे वाहू लागले. दुकानदाराला वाटलं, म्हातारी घाबरली.

फोनवर तू हसलास. ब्रेक गाडीच सांभाळणार तर चालवणारा कशाला, म्हणालास. जाड जॅकेट, गुडघ्याचे पॅड, घोट्यावरचे बूट ऐकून विचारलंस, पोरीला लढाईवर पाठवतेस का? हो, पाठवते. आणि ती संध्याकाळी परत यायला हवी आहे. गाडी बेतानेच चालवावी लागते, ते मलाही कळतं. पण घाबरलेल्या माणसाचा अंदाज चुकतो, तेव्हा त्याला सावरणारं काहीतरी हवं. माझा मुलगा चांगलाच चालवायचा, दादा.

आता हे पत्र का, ते सांगते. त्याची गाडी तू इतकी वर्षं जपलीस. ती दुरुस्त करून, रंगवून, रविवारी तू नातीच्या हातात किल्ली देणार आहेस, असं वहिनी बोलून गेल्या. ती गाडी तिला मिळणार नाही. तिच्याने तुला नाही म्हणवणार नाही, म्हणून मी म्हणते आहे. तर असं कर. इंजिन तंत्रशाळेला दे, मुलं खोलून शिकतील. टाकी सूनबाईला, तिने मागितली आहे. आरसे मला. चाकं आणि सांगाडा भंगारात, तुझ्या डोळ्यांदेखत तुकडे करून. नवी गाडी, जॅकेट, बूट, हातमोजे नातीचे. तुझ्या गॅरेजात उभ्या असलेल्या घरच्या सगळ्या गाड्यांच्या पुढच्या ब्रेकच्या तारा आवळ आणि मगच ज्याची त्याला दे. आणि रविवारी जेवायला ये, नक्की ये. रिकाम्या हाताने ये.

तुझीच,
ठकी