दुसरा सुरुंग

वैशाख १९६१, दिवेलागण

विहीर खोल करायला आज खडकात दोन सुरुंग लावले होते. आवाज मात्र एकच आला. मी तसं म्हणालो, तर आबाजी खेकसले, "दोन्ही एकदमच उडाले. तुले काय समजते?"

तांड्यातली पहिली विहीर माझ्या याच आजोबांनी पहारीनं खोदलेली. त्यांच्यापुढं कोण तोंड उघडणार? सकाळी गडी खाली उतरतील. मी तरी गप्प काहून बसलो? एकच आवाज होता. नक्की एकच.

आत्ता घरात आलो, तर विहिरीत उतरायचा दोर आबाजींच्या उशाशी.

"हा इथं कायले आणला?"

भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, "उद्या पयले मी एकटाच उतरतो. गड्यायले सांगू नको."