आग्रहाचं बोलावणं

सक्करदरा, नागपूर
७ जुलै २०२४

चि. सौ. मिनल हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं मे महिन्याचं पत्र पोचलं. आपण दोघी अजून कागदावर लिहितो याचं मिलमधल्या बायांना फार हसू येतं. दर रविवारी फोन होतो, मग कागद काहून नासवता, असं विचारतात. त्यांना कसं सांगू, की बाबांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या टपालडब्यात उभं राहून लोकांची पत्रं गाववार निवडली, आणि त्यांच्या लेकींनी एकमेकींना लिहिलं नाही तर त्यांना तो नोकरीचा अपमान वाटतो.

तर बातमी ऐक. मी येते आहे. बारा वर्षं तू प्रत्येक पत्रात लिहितेस, ताई एकदा ये, समुद्र दाखवते, घर तुझंच आहे. आणि मी दर वेळी आईचं दुखणं, मग आईचं जाणं, मग बाबांचं वय, असं काही ना काही पुढे करत आले. आता त्रेपन्न पुरी झाली. बुटीबोरीला मी तपासलेलं कापड जर्मनी-जपानला जाऊन आलं आणि मी रायपूरच्या पलीकडे गेले नाही. माझी चाळीस दिवसांची रजा साठली आहे, साहेबांनी ती नोव्हेंबरसाठी लेखी मंजूर केली. यंदा वापरली नाही तर जाते, कारण जानेवारीपासून कंपनीचा नियम बदलतो. मग निवृत्तीपर्यंत एवढी रजा पुन्हा जमायची नाही.

बाबांची सोय केली आहे. आत्याची सुभद्रा भिवापूरहून चाळीसही दिवस येऊन राहते म्हणाली. तिकिटाचं माझं मी पाहिलं आहे, त्याची काळजी करू नकोस. पासपोर्टचा अर्ज भरून झाला, फोटोत मी चोरासारखी दिसते. आता फक्त पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, की झालं. तू तेवढं बोलावल्याचं पत्र तयार ठेव, व्हिसाला लागतं म्हणतात.

ऋषीरावांना जयभीम. अंकितला मावशीचा पापा.

तुझी मायाळू ताई,
नंदिनी

---

हॅमिल्टन, न्यूझीलंड
२७ जुलै २०२४

ती. नंदिनीताईस,
सादर जयभीम, वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, तरी खरं वाटेना. ऋषीला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, ताई भिवापुरी तिखट आणतील का. नवऱ्याची जात ती. रामटेकच्या बसमध्ये तू सहलीला सगळ्या वर्गासमोर ओकली होतीस, ते आठवून मी एकटीच हसत बसले. इथे तर बारा-बारा तास विमान आहे हो ताईसाहेब.

ये, अगदी जरूर ये. फक्त आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुझा हिरमोड नको. आम्ही दोघंही सकाळी सातला बाहेर पडतो, अंकित शाळेत. रस्त्यावर दिवसभर माणूस दिसत नाही. तुला सक्करदऱ्याच्या बाजारातल्या हाकांची सवय, चाळीस दिवस करशील काय, याचाच विचार करते आहे.

आणि बाबा. एक्क्याऐंशी म्हणजे थोडं वय नाही. सुभद्राताईचे गुडघे तिला स्वतःलाच उचलत नाहीत. मी बाबांशी फोनवर वेगळं बोलून घेईन, म्हणजे त्यांच्या मनाची तयारी होईल. पासपोर्ट हातात आला की कळव, बोलावल्याचं पत्र लगेच पाठवते.

बाबांना वंदन. तुझ्या मायेत असू दे.

मिनल

---

सक्करदरा, नागपूर
८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मिनल हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

काय सांगू तुला, मी नागपुरात राहतच नाही. तसा कागदच आला आहे. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही, असा चौकशीचा अहवाल आहे आणि त्याबद्दल मी खुलासा द्यायचा आहे. ज्या घरात मी वाढले, ज्या घरातून आईला नेलं, त्या घरात मी राहते हे आता सिद्ध करायचं.

शेजारचे नत्थूभाऊ म्हणाले, की पोलिसवाला दुपारी आला होता, तुमचे बाबाच फाटकात बसून त्याच्याशी बोलले, मले तर कोणी काही विचारलंच नाही. मी तेव्हा मिलमध्ये. बाबांना विचारलं तर म्हणाले, माझा घोटाळा झाला, मला वाटलं मिनलबद्दल विचारतात. मी चिडले खूप, पण चिडून कोणावर चिडणार? ज्यांना गोंदियापासून भुसावळपर्यंतची टपाल कार्यालयं पाठ होती, त्यांना आता कोणती लेक घरात आहे ते आठवत नाही, याचंच वाईट वाटलं.

खुलासा पाठवला आहे. साहेबांच्या हातापाया पडून रजा पंधरा नोव्हेंबरला सरकवली, त्यापुढे ते सरकवणार नाहीत. सुभद्रासाठी मी दिवसवार कागद करून भिंतीला लावला आहे, औषध, जेवण, सगळं. बाबा हल्ली त्या कागदासमोर उभे राहतात. जेवण कमी झालं आहे. तू फोनवर त्यांना जरा धीर दे, तुझं ते ऐकतात.

इकडे सर्व ठीक. तुझ्याकडच्या वाटेवर डोळे लावलेली,
नंदिनी

---

सक्करदरा, नागपूर
१५ सप्टेंबर २०२४

चि. मिनल,
अनेक आशीर्वाद.

हे पाकीट नंदिनीच्याच हाती पोस्टात देऊन राहिलो. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडायचं नसते हे मीच तुम्हा दोघींले शिकवलं, म्हणून भीती नाही.

जुलैत तू फोनवर सांगितलं का नंदिनी तिकडे आली का परत येणार नाही. तिनं तुले तसं पत्रात लिहिलं. तिथंच काम पाहून राहीन, बाबांचं आता सुभद्रा पाहीन, असं. आणि हे तिले विचारू नका, तिले लाज वाटेल, असंही तू म्हटलं. पासपोर्ट झालाच नाही तर सगळ्यांची इज्जत राहील म्हणाली. मी फोन ठेवून दिला. पण तो पोलिसवाला आला तर माह्या तोंडून निघालं का ते इथं राहत नाही, बुटीबोरीले खोली करून राहते. खोटं बोललो मी. नोकरीत एक पाकीट इकडचं तिकडं केलं नाही.

आता ऐक. नंदिनीनं भिंतीले कागद लावला आहे. चाळीस दिवसांचं सगळं लिहिलं, माही गोळी कोणत्या डबीत ते पण. आणि खाली एक्केचाळिसावा दिवस लिहिला. त्याच्यासमोर लिहिलं, आज सुभद्राने स्वयंपाक करू नये, मी आल्यावर पाटोडीचा रस्सा करीन. मी रोज वाचतो. परत न येणारा माणूस असं लिहीन काय?

मले खरं सांग. फोनवर नको, कागदावर सांग. फोनवरचं मी ऐकून घेतो, कागदावरचं पारखता येते.

तुझा बाप,
मनोहर

---

हॅमिल्टन
४ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सादर वंदन आणि जयभीम.

तुम्ही उगाच मनाला लावून घेता. ताईने लिहिलं होतं, मी वाचलं होतं, ते पत्र आता माझ्याजवळ नाही. भिंतीवरच्या कागदाचं काय, तो तुमच्या समाधानासाठी. तिला यातलं काही विचारू नका, हे पुन्हा सांगते.

आणि खरं सांगायचं तर बाबा, मी बोलावत होते ते आपली रीत म्हणून. तुम्हीसुद्धा फाटकाशी आलेल्या प्रत्येकाला म्हणता, जेवून जा. मीटर पाहायला आलेल्यालाही म्हणता. म्हणून कोणी ताटावर येऊन बसतो का? आग्रह करायचा असतो, समोरच्याने नको म्हणायचं असतं, एवढं तर आपल्याकडे लहान लेकराला कळतं. ताई खरंच पासपोर्ट काढायला जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती इथे असताना तुम्हाला काही झालं तर धावायचं कोणी? माझी नोकरी, घराचे हप्ते, अंकितची शाळा, मला असं उठून येता येत नाही. ताई तिथे आहे म्हणून मी इथे निर्धास्त आहे. तिला तरी बाहेर पडून काय करायचं आहे, तिची सवयच नाही. तुम्ही जे केलंत ते घराच्या भल्यासाठी केलंत. नोव्हेंबर गेला की रजा जाईल आणि विषय आपोआप मिटेल.

हे पत्र वाचून फाडून टाका. प्रकृतीला जपा. तुमची कृपा राहू द्या.

तुमची लाडकी,
मिनल

---

सक्करदरा, नागपूर
२० ऑक्टोबर २०२४

मिनल,
जयभीम.

बाबांनी तुझं पत्र फाडलं नाही. माझ्या हातात दिलं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला वाचायला दिलं आणि माझं वाचून होईपर्यंत ते समोर उभे राहिले, बस म्हटलं तरी बसले नाहीत. मग विचारलं, का तिकडेच राहीन, परत येणार नाही, असं तू खरंच लिहिलं होतं का. मी नाही म्हटलं. ते आत गेले, सदरा चढवला आणि नत्थूभाऊंना घेऊन चौकीत गेले. आपण खोटं सांगितलं असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तिथल्या माणसाने त्यांना खुर्ची दिली आणि चहा पाजला, म्हणून बरं. पुन्हा चौकशी होईल, पण पंधरा नोव्हेंबरच्या आत पासपोर्ट यायचा नाही. साहेबांना मी काल कळवून टाकलं.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. तू मला ये म्हणालीस आणि मी यायला निघाले, एवढाच माझा गुन्हा. मीटर पाहायला येतो तो परका माणूस, त्याला रीत कळते. तुझी वेणी घालून तुला शाळेत पोचवणाऱ्या बहिणीला तू त्याच्या रांगेत उभी करशील, हे मला कसं कळणार होतं? नको येऊस, बाबांना सांभाळ, मला भीती वाटते, असं एका ओळीत लिहिलं असतंस तर मी आले नसते. आजवर तुझ्या सोयीसाठी मी काय काय केलं नाही ते तुला ठाऊक आहे, आणि ते करताना माझ्या तोंडावर कधी आठी पाहिली असलीस तर सांग.

मिलमध्ये नव्या पोरी विचारतात, ताई तुमची बहीण इतकी वर्षं तिकडे आहे, तुम्ही कशा कधी गेल्या नाही. मी त्यांना नोकरी सांगायचे, आईचं दुखणं सांगायचे, विमानाची भीती वाटते असंही सांगून पाहिलं. ती सगळी कारणं मला खरी वाटायची. आता पुन्हा कोणी विचारलं तर काय सांगू? मला कोणी बोलावलंच नव्हतं, हे सांगायला जीभ रेटत नाही.

प्रवास हुकला त्याचं दुःख मी गिळीन. जग मोठं आहे, त्यातला एक देश माझ्यासाठी कमी झाला. पासपोर्ट आला तर विहारातल्या बायांबरोबर श्रीलंकेला जाईन, अनुराधपूरला, किंवा नुसता पेटीत ठेवीन, माझं मी पाहीन. पण तू माझ्या नावाने खोटं बोललीस, तेही बाबांजवळ. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत या म्हाताऱ्याने माझ्या हातचं जेवताना मनात धरलं, की ही आपल्याला टाकून जाणार आहे. आणि एका शब्दाने मला दाखवलं नाही.

या महिन्यांत ते रोज संध्याकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला चौकापर्यंत येऊन उभे राहायचे. मी नत्थूभाऊंच्या घरी कौतुकाने सांगत होते, की वय वाढलं तसं बाबांना माझी ओढ फार लागली आहे. आता त्यांना सगळं कळलं आहे, मी कुठे जात नाही हेही कळलं आहे. काल बस वीस मिनिटं उशिरा आली. ते चौकात होते, चप्पल न घालता.

त्यांना तू स्वतःच्या हाताने लिहायचं, की ताई असं कधीच म्हणाली नव्हती. बाकी मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

नंदिनी